इन्व्हर्टर-यूपीएसच्या बॅटरीचा इशारा : कारणे आणि उपाय



कृषिविद्येच्या अध्यापकाने बॅटरीवर लेख लिहावा याचे वाचकांपैकी काहींना नवल वाटेल. पेरणीचे अंतर, आंतरमशागत, खतांच्या मात्रा हे आमचे नेहमीचे विषय. परंतु अलीकडे शेतकऱ्याच्या घरात आणि गोठ्याशेजारी अशी यंत्रे आली आहेत की ज्यांना विजेचा खंड चालत नाही. अंडी उबवणी यंत्र, दूध संकलन केंद्रावरील इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, फॅट तपासणी यंत्र व संगणक, पॉलिहाऊसमधील पाणी-खत सोडणारा नियंत्रक ही सर्व वीज गेल्यावर इन्व्हर्टर किंवा यूपीएसच्या बॅटरीवर विसंबून असतात. त्यामुळे मेळाव्यात कपाशीवरील बोंडअळीच्या प्रश्नाला लागूनच आता हाही प्रश्न येतो : "सर, इन्व्हर्टर सारखा ओरडतोय, लाल दिवा लागतोय. बॅटरी बदलू का?"

या प्रश्नाला तडकाफडकी उत्तर देऊ नये, हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. तो अनुभव प्रथम सांगतो.

एका रात्रीची चूक

आमचे घर गावापासून दूर, वस्तीवर आहे. थोरले बंधू शेती पाहतात आणि वहिनींनी कोंबडीची पिले तयार करून विकण्याचा जोडधंदा सुरू केला आहे. त्यांच्याकडे २६४ अंड्यांचे उबवणी यंत्र असून त्याला इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची एक ट्यूब्युलर बॅटरी जोडलेली आहे. मार्च २०२३ मधील एका रात्री साडेदहाच्या सुमारास दादाचा फोन आला. "अरे, लाइट तर आहे, पण इन्व्हर्टर टी-टी करतोय." मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करीत होतो. म्हणालो, "लाइट आहे ना? मग काही होत नाही. आवाजाचं बटण दाब आणि झोप."

अंड्यांचा तो एकोणिसावा दिवस होता. पहाटे वहिनी उठल्या तेव्हा ओट्यावरचा बल्ब मिणमिणत होता आणि उबवणी यंत्र मात्र अंधारात, पंखा बंद. कोंबडीच्या अंड्यातून पिलू एकविसाव्या दिवशी बाहेर पडते. शेवटच्या तीन-चार दिवसांत कवचातील पिलू स्वतःच बरीच उष्णता सोडते आणि त्याला ताजी हवाही जास्त लागते. अशा वेळी बंद पेटीतला पंखा थांबला की पिले थंडीने नव्हे, तर उष्णतेने आणि कोंडलेल्या हवेने मरतात. सातव्या दिवशी दिव्यासमोर धरून फलित ठरलेली २३१ अंडी होती, त्यांतून ६१ पिले निघाली. पिलांसाठी लोकांकडून आगाऊ घेतलेले पैसे वहिनींनी घरोघर जाऊन परत केले. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी मी मल्टिमीटर आणि हायड्रोमीटर घेऊन घरी गेलो. त्या दिवशी जे आढळले आणि नंतर इतरांच्या यंत्रांची तपासणी करताना जे समजले, ते क्रमाने मांडतो.

इशारा नेमका कशाचा असतो?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इन्व्हर्टरला बॅटरीची प्रकृती कळत नाही. त्याला कळतो तो फक्त तिच्या दोन टोकांवरील दाब, म्हणजे व्होल्टेज. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास विनावापर ठेवली तर तिच्यावर सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट मिळतात. अर्धी उतरली की सुमारे १२.२ आणि पूर्ण उतरली की ११.९ च्या आसपास. हे आकडे विश्रांतीतील बॅटरीचे आहेत. लोड चालू असताना व्होल्टेज याहून कमी दिसते, आणि ते साधारण १०.५ पर्यंत घसरले की इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. त्याच्या थोडे आधी तो ओरडू लागतो.

म्हणजे इशाऱ्याचा अर्थ 'बॅटरी खराब झाली' असा नसतो. 'टोकांवरचा दाब कमी झाला' एवढाच असतो. दाब कमी होण्याची कारणे अनेक : बॅटरी मुळात भरलीच नसेल, लोड जास्त असेल, वायरचा सांधा सैल असेल, आतील एखादे घर म्हणजे सेल निकामी झाला असेल, किंवा आपल्या नकळत यंत्र तासन्‌तास बॅटरीवर चालले असेल. पीक पिवळे पडले की आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी आहे, लोह कमी आहे, की मुळाशी पाणी साचले आहे, ते पाहतो. येथेही तसेच करावे. ज्या तपासणीस पैसा लागत नाही ती आधी, आणि दुकानात जाणे सर्वांत शेवटी.

आवाजांविषयी थोडक्यात सांगायचे तर बहुतेक यंत्रांत थांबून थांबून येणारा आवाज म्हणजे यंत्र बॅटरीवर चालू आहे, तोच जलद झाला म्हणजे बॅटरी संपत आली आहे, आणि सलग आवाज म्हणजे लोड जास्त झाला आहे. परंतु प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी निराळी असते. यंत्रासोबत आलेली पुस्तिका शोधून त्यातील इशाऱ्यांचे पान भिंतीवर चिकटवून ठेवावे. आमच्याकडे ती पुस्तिका धान्याच्या कोठीमागे सापडली.

वीज असूनही बॅटरी का उतरते?

आमच्या घरी झाले ते हेच, आणि वस्तीवर राहणाऱ्या वाचकांनी हा भाग विशेष काळजीपूर्वक वाचावा.

त्या आठवड्यात शेतीपंपांची पाळी रात्रीची होती. दहा वाजता डीपीवरचे सगळे पंप सुरू झाले आणि घरातले व्होल्टेज २३० वरून १६० वर आले. बल्ब लागतो, पंखा हळू फिरतो, म्हणून माणसाला वाटते वीज आहे. इन्व्हर्टरला तसे वाटत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागील बाजूस एक छोटा खटका असतो. एका बाजूस 'यूपीएस', दुसऱ्या बाजूस 'नॉर्मल' किंवा 'इन्व्हर्टर' असे लिहिलेले असते. खटका 'यूपीएस' बाजूला असेल तर यंत्र साधारण १८० ते २६० व्होल्टमधलीच वीज स्वीकारते. त्याखालची वीज त्याच्या लेखी गेलेलीच असते आणि ते गुपचूप बॅटरीवर जाते. खटका 'नॉर्मल' बाजूला असेल तर सुमारे १०० ते २९० व्होल्टपर्यंतची वीज ते चालवून घेते.

आमचा खटका 'यूपीएस' बाजूला होता. यंत्र बसवणाऱ्याने तो तसाच ठेवला होता आणि आम्हा कोणालाच त्याची माहिती नव्हती. पंप सुरू होताच उबवणी यंत्र बॅटरीवर गेले. दादाने ऐकला तो याचाच आवाज. तो बंद केल्यावर सावध करणारे काही उरलेच नाही, आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी बॅटरी संपली. ओट्यावरचा बल्ब थेट लाइनवर होता, म्हणून तो मिणमिणत राहिला.

यावर उपाय असा. उबवणी यंत्राचा पंखा, तापमानाचा नियंत्रक, घरातले दिवे यांच्यासाठी खटका 'नॉर्मल' बाजूला ठेवावा. संगणकासाठी मात्र तो 'यूपीएस' बाजूलाच हवा, कारण 'नॉर्मल' मध्ये वीज बदलण्यास लागणारा क्षण जास्त असतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. व्होल्टेज रोजच कमी राहत असेल तर खटका फिरवून भागणार नाही. हिटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले तर हिटर जवळजवळ निम्मीच उष्णता देतो. अशा ठिकाणी इन्व्हर्टरच्या आधी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवावा. त्यामुळे बॅटरीही नीट भरते. डीपीवर अनधिकृत जादा पंप असतील तर तो प्रश्न गावाने बसून सोडवण्याचा आहे. तो एकट्या इन्व्हर्टरच्या आवाक्यातला नाही.

याच्या अगोदरची, हसू येईल इतकी साधी तपासणीही सांगून ठेवतो. इन्व्हर्टरची पिन सॉकेटमध्ये घट्ट आहे का, मागचा फ्यूज किंवा एमसीबी पडलेला नाही ना, उंदराने वायर कुरतडलेली नाही ना, हे पाहावे. खाद्याची पोती ठेवलेल्या खोलीत उंदीर असतातच. चार्जिंगचा दिवाच लागत नसेल तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही.

जमाखर्च जुळतो का?

बॅटरी ही धान्याच्या कणगीसारखी आहे. काढाल त्याहून थोडे जास्तच भरावे लागते.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा असतो. इन्व्हर्टरमध्ये सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो, आणि बॅटरी तळापर्यंत ओढणे तिच्या आयुष्याला मारक असते. हे वजा जाता हाताशी सुमारे १००० वॅट-तास धरावेत. उबवणी यंत्राचा हिटर १५० वॅटचा, पंखा व नियंत्रक मिळून ४० वॅट, असे एकूण १९० वॅट सतत चालले तर पाच तास. फक्त पंखा व नियंत्रक बॅटरीवर ठेवले तर, इन्व्हर्टर स्वतः खातो ती वीज धरूनही, पंधरा तासांच्या आसपास.

हा फरक पाहून आम्ही वायरमनकडून हिटरची वायर वेगळी करून घेतली. आता वीज गेली की बॅटरीवर पंखा आणि नियंत्रकच चालतात. वरच्या पेटीत सुरुवातीच्या दिवसांची अंडी असतील तर पेटी बंद ठेवून गोधडी पांघरतात, मात्र हवेची छिद्रे उघडी ठेवतात. काही तासांचा गारवा अंडी सहन करतात. उबवणी थोडी लांबते, एवढेच. शेवटच्या दिवसांतील अंड्यांना पंखा थांबलेला चालत नाही.

आता जमेची बाजू. बॅटरीतून ७५ अँपिअर-तास खर्च झाले तर परत सुमारे ८५ ते ९० भरावे लागतात. १५ अँपिअरचा चार्जर असला तरी शेवटचा भाग फार सावकाश भरतो, म्हणून एकूण आठ-नऊ तास लागतात, आणि तेही व्होल्टेज चांगले असेल तर. रोज आठ तास वीज जात असेल आणि उरलेल्या वेळात निम्मा काळ व्होल्टेज कमी असेल, तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट होऊन बसते. मग ती भरल्यासारखी दिसते, पण साठा राहत नाही. तेव्हा बॅटरी वर्षातच गेली अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, ती दिवसाला किती तास भरते? अशा ठिकाणी मोठी बॅटरी आणून उपयोग नाही. तिला भरायला आणखी वेळ लागेल. लोड कमी करावा किंवा भरण्याचे साधन वाढवावे.

लोडविषयी आणखी एक. वीज गेल्यावर घरातील कोणी मिक्सर लावतो, कोणी फ्रिज त्याच लाइनवर जोडतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. इन्व्हर्टर क्षणभर ओरडून गप्प झाला तर बॅटरीकडे जाण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून यावे.

सांधे, पाणी आणि घनता

येथून पुढे बॅटरीला हात लावायचा आहे, म्हणून आधी सावधगिरी. हातातील अंगठी, घड्याळ, धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. पान्याची दोन टोके बॅटरीच्या दोन टोकांना एकाच वेळी लागली तर पाना लालबुंद होऊन हात भाजतो. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने स्फोटासारखा पेटतो. म्हणून जवळ विडी, काडी, उदबत्ती नको आणि बॅटरी बंद कपाटात किंवा कडब्याच्या खोलीत नको. काम करताना इन्व्हर्टर बंद करून त्याची पिन काढावी. वायर सोडवताना आधी काळी, मग लाल सोडवावी. जोडताना आधी लाल, मग काळी. डोळ्यांवर चष्मा असावा. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे पाण्याची धार धरून सरळ डॉक्टरकडे जावे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड दिसते ती गंजाची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने ती धुवावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. सांधा कोरडा करून घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. लोड चालू असताना सांध्याजवळची वायर हाताला कोमट लागत असेल तर सांधा सैल आहे असे समजावे. मल्टिमीटर असल्यास बॅटरीच्या टोकांवर आणि मग इन्व्हर्टरकडील वायरच्या टोकांवर, असे दोन्हीकडे व्होल्टेज मोजावे. लोडवर या दोहोंत अर्ध्या व्होल्टचा फरक आला तर बॅटरी निर्दोष असूनही इन्व्हर्टर ओरडणारच. दूध संकलन केंद्रावरील एका यंत्राचा महिनाभराचा ओरडा मी केवळ पाना फिरवून थांबलेला पाहिला आहे.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त बॅटऱ्या येथे मरतात. भरताना बॅटरीतील पाणी कमी होते, ॲसिड नाही. म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. ॲसिड कधीही घालू नये. दुकानदाराने 'थोडे ॲसिड टाकू, जोर येईल' असे सांगितले तरी घालू नये. विहिरीचे वा बोअरचे पाणी तर नकोच. ज्या पाण्याने आपल्या ठिबकच्या तोट्या क्षाराने बुजतात, तेच पाणी आपण बॅटरीत कसे ओततो, याचे मला कोडे पडते. त्यातील क्लोराइड व लोह पट्ट्या खातात. पिण्याच्या आरओ यंत्राच्या पाण्यातही क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन नवीन बॅटरीपुढे अगदी क्षुल्लक किमतीचा असतो.

पाणी बॅटरी पूर्ण भरल्यानंतर घालावे, कारण भरताना पातळी चढते. आधी घातले तर ॲसिड बाहेर उतू येते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतके आधी घालून मग बॅटरी भरावी. पातळी वरच्या व खालच्या खुणेच्या दरम्यान असावी. तरंगत्या दांडीच्या बुचावर विसंबताना ती दांडी अडकलेली नाही ना, हे बोटाने हलवून पाहावे. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा पातळी पाहावी.

आता घनता. काचेच्या नळीतील हायड्रोमीटर बॅटरीच्या दुकानात मिळतो. आम्ही जमिनीचा पोत काढताना वापरतो त्याच जातीचे हे उपकरण आहे, तेव्हा त्याची भीती बाळगू नये. ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण भरल्यावर घनता १.२४० च्या आसपास असते. मिस्त्री लोक तिला 'बाराशे चाळीस' म्हणतात. १.२०० च्या खाली आली की बॅटरी निम्म्यावर आली आणि १.१५० च्या खाली गेली की उतरली. ही मोजणी २७ अंश सेल्सिअसची आहे. वैशाखातील दुपारी ॲसिड चाळीस अंशांच्या वर गेले की आकडा सुमारे ०.०१० ने कमी दिसतो, त्यावरून घाबरून जाऊ नये. पाणी घातल्याबरोबर घनता मोजू नये. पाणी नीट मिसळण्यास काही तास चार्जिंग व्हावे लागते.

पाहायचे ते सहाही घरांतील परस्पर अंतर. सहाही घरे सारखीच कमी असतील, उदाहरणार्थ सर्वत्र १.१८०, तर बॅटरी भुकेली आहे. तिला दहा-बारा तास अखंड भरून पुन्हा मोजावे. परंतु पाच घरे १.२२० आणि एकच १.१३० असेल, आणि पूर्ण चार्जिंगनंतरही ते तसेच राहिले, तर ते घर गेले. आमच्या बॅटरीचे तिसरे घर नेमके असेच निघाले. म्हणजे त्या रात्री दोन दोष एकत्र आले होते : खटक्यामुळे बॅटरी विनाकारण वापरली गेली, आणि एक घर दुबळे असल्याने ती हिशेबाच्या कितीतरी आधी संपली. नुसती नवी बॅटरी आणली असती तरी पुढच्या रात्रीच्या पाळीत तीही उतरली असती.

२४ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर दोन बॅटऱ्या असतात. तेथे प्रत्येकीचे व्होल्टेज स्वतंत्र मोजावे. एक दुबळी आणि एक चांगली अशी जोडी असेल तर दुबळी चांगलीलाही ओढून नेते. जुनीसोबत नवी जोडू नये. बैलजोडीचा नियम येथेही लागू आहे.

दिवा हिरवा, तरी भरवसा नाही

वरील सर्व ठीक असूनही शेवटची परीक्षा लोडवरच होते. चार्जिंग चालू असताना कोणतीही बॅटरी १३.५ व्होल्ट दाखवते आणि हिरवा दिवा लागतो. ते चार्जरचे व्होल्टेज असते, तिचे स्वतःचे नव्हे.

दोन खेपांमध्ये उबवणी यंत्र रिकामे असते, तेव्हा ही चाचणी करावी. अंडी आत असताना करू नये. बॅटरी रात्रभर भरावी. सकाळी इन्व्हर्टरची पिन काढून त्यावर नेहमीइतका लोड द्यावा. जुने १०० वॅटचे तारेचे दोन बल्ब चालतील. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि तासाने बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजून लिहावे. १५० अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी या लोडवर पहिला तासभर १२ व्होल्टच्या खाली जाऊ नये. दहा मिनिटांतच ती ११.५ वर आली तर तिचे दिवस भरले आहेत. वॉरंटीची मुदत पाहावी आणि हे लिहिलेले आकडे घेऊनच दुकानदाराकडे जावे. 'बॅकअप देत नाही' असे नुसते सांगणाऱ्यापेक्षा आकडे दाखवणाऱ्याचे काम लवकर होते.

दूध संकलन केंद्रावर संगणकासाठी जो लहान यूपीएस असतो, त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी असते. तिच्यात पाणी घालायचे नसते आणि ती उघडायचीही नसते. उष्णता हा तिचा मोठा शत्रू. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात, बल्क कूलरच्या गरम हवेच्या झोतात तो यूपीएस ठेवला तर दोन वर्षांतच 'बॅटरी बदला' असा दिवा लागेल, आणि तो बहुधा खरा असेल. बॅटरी फुगलेली दिसली तर चाचणी करीत बसू नये, यूपीएस बंद करून ती बदलूनच घ्यावी. प्रिंटर अशा यूपीएसवर जोडू नये. लेझर प्रिंटर तर मुळीच नको, त्याचा तापक एका झटक्यात खूप वीज ओढतो. लिथियम बॅटरीच्या यंत्रांत पाणी, घनता, टर्मिनलची पूड हे काहीच नसते, परंतु ती उघडण्याचा प्रयत्न घरी करू नये.

जुनी बॅटरी कोठे द्यावी?

शेवटचे हे काम माझ्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. एक ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कित्येक किलो शिसे. काही ठिकाणी भंगारवाला दारातच बॅटरी फोडतो, ॲसिड बांधावर ओततो आणि शिसे घेऊन जातो. ॲसिडमुळे तेवढ्या तुकड्यावर काही उगवत नाही, हे डोळ्यांना दिसते. शिसे दिसत नाही. ते मातीच्या वरच्या थरात धरून राहते, कुजत नाही, विरत नाही, पाण्याने धुऊन सहसा खोल जात नाही. त्या मातीत मेथी-पालक घेतला तर मातीसकट पानांवाटे ते घरात येते, आणि त्याचा सर्वांत जास्त अपाय लहान मुलांना होतो. कोंबड्या तर त्याच जागी माती उकरतात.

जुनी बॅटरी परत घेऊन तिची योग्य विल्हेवाट लावण्याची व्यवस्था करणे, हे २००१ च्या नियमांपासून बॅटरी विकणाऱ्यांवर बंधनकारक होते. आता त्यांच्या जागी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू असून त्यांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून नवी घेतानाच जुनी न फोडता, ॲसिडसकट, उभी ठेवून नेऊन द्यावी. तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वळती होते. बॅटरीवरील उत्पादनाचा महिना-वर्ष आणि अनुक्रमांक उतरवून ठेवावा.

आमच्या उबवणी यंत्राशेजारी आता खिळ्याला एक वही टांगलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वहिनी तीत तारीख, सहा घरांची घनता आणि लोडवरचे व्होल्टेज लिहितात. जुन्या बॅटरीची पावतीही त्याच वहीत डकवलेली आहे. आवाज बंद करण्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली आहे.